दिवाडीतलं जुनं घर: पहिला पावसाळा नुसता बघा

दिवाडी बेटावर जुनं घर घ्यायचं म्हणणारे, किंवा आजोळचं बंद पडलेलं घर उघडायचं म्हणणारे, बहुतेक जण पहिला प्रश्न रंगाचा विचारतात. पिवळा की निळा? दुसरा प्रश्न फरशीचा असतो. पाण्याबद्दल कुणी विचारत नाही, आणि या घरांचं जगणं-मरणं तर सगळं पाण्यावर आहे.

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. दिवाडी हे मांडवी नदीतलं बेट. टेकडीच्या माथ्यावर पिएदादचं चर्च, उतारावर घरं, आणि खाली भरतीच्या खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेली खाजन शेती. म्हणजे वरून पाऊस, खालून ओल आणि हवेत मीठ. ज्यांनी ही घरं बांधली त्यांना हे पक्कं ठाऊक होतं. पाणी घरात शिरणारच, तर त्याला लवकर बाहेर जाऊ द्यावं, असा त्यांचा हिशेब होता. अलीकडच्या दुरुस्त्यांनी नेमक्या या बाहेर जायच्या वाटा बुजवल्या आहेत. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं, आणि शेजारच्या चोडण किंवा जुव्यातल्या घरांनाही ते बहुतांशी लागू पडतं.

आधी घर बाहेरून वाचा

फाटकातून आत शिरायची घाई करू नका. रस्त्यावर उभं राहून घर खालून वर बघा. जोतं किती उंच आहे? चांगल्या घराचं जोतं उतारावरच्या पाण्याच्या बरंच वर असतं, आणि त्या मानाने पायऱ्या जास्त असतात. पायऱ्या दोनच दिसल्या तर जोतं बुटकं असेल किंवा रस्ता वर आला असेल. दुसरी शक्यता जास्त. दर डांबरीकरणाला रस्ता थोडा थोडा चढतो, पाणी अंगणाकडे वळतं आणि घर खड्ड्यात गेल्यासारखं होतं.

ख्रिस्ती घरात पुढे बलकांव असतो, म्हणजे पायऱ्या चढून आलं की दोन्ही बाजूंना बसायची बाकं (इथे त्यांना सोपे म्हणतात) असलेला उघडा सज्जा. आत मोठी साल, म्हणजे दिवाणखाना, एका कोपऱ्यात देव्हाऱ्यासारखं ओरातोर, आणि मागे जेवणघर नि चूल. हिंदू घर आत वळलेलं असतं. मध्ये राजांगण, त्यात तुळस, चारी बाजूंना वसरी. जुन्या ख्रिस्ती घरांतही कधीकधी मागच्या अंगाला हे राजांगण सापडतं, कारण धर्म बदलला तरी घर बांधणारा सुतार नि गवंडी तोच होता. ही उघडी चौकट बघून 'वरून काचेचं छत घातलं तर मस्त हॉल होईल' असा विचार मनात आला तर तो तिथेच सोडा. घरातली गरम, दमट हवा वर जायची वाट म्हणजे ते राजांगण.

डोळा तयार व्हायला हवा असेल तर घर घेण्याआधी काही घरं नीट बघून घ्या. पर्वरीजवळ तोर्डा इथे वास्तुविशारद जेरार्ड द कुन्हा यांनी उभारलेलं 'हाउसेस ऑफ गोवा' हे संग्रहालय आहे. दारं, खिडक्या, कठडे, कौलं एकेक सुटं करून बघायला त्याहून बरी जागा नाही. केपें इथला 'पालासिओ दु देआंव' हा १७८७ चा वाडा नेटाने सावरलेला आहे. चांदोरचं ब्रागांझा कुटुंबाचं घर थोरामोठ्यांचं. तिथलं झुंबर बघून हरखून जाऊ नका. तिथे छत, खिडक्या आणि भिंतीचा खालचा तीन फूट भाग बघायचा.

कागद, मग टोकन

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथेच सगळ्यात जास्त घरं अडकतात.

एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा उतारा) नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली असं समजू नका. मागे जायला लागतं पोर्तुगीज काळातल्या नोंदणीपर्यंत: देस्क्रिसांव म्हणजे नोंदणी खात्यातलं मालमत्तेचं वर्णन, आणि मात्रिज म्हणजे कराची नोंद. हे कागद पोर्तुगीज भाषेत, हाताने लिहिलेले असतात. ते वाचता येणारा गोव्यातलाच वकील घ्या. पुण्या-मुंबईचा ओळखीचा वकील कितीही हुशार असला तरी इथे उपयोगाचा नाही.

दुसरं, गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कौटुंबिक कायदा चालतो. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता निम्मी-निम्मी असते, आणि मुलांचा वाटा कायद्यानेच राखून ठेवलेला असतो. 'भावाची सही झाली, वहिनीची कशाला?' हा महाराष्ट्रातला प्रश्न इथे चालत नाही. वहिनीची सही लागतेच. पाच भावंडं, त्यांचे जोडीदार, त्यातला एक लिस्बनला, एक टोरँटोला, असा पसारा असतो. वारसांची वाटणी इन्व्हेंटरीच्या प्रक्रियेतून झालेली आहे का, हे पहिल्या भेटीतच विचारा.

अंगणाच्या कोपऱ्यात वेगळं छोटं घर दिसलं तर तिथे कोण राहतं हेही विचारा. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या घर करून राहणाऱ्या मुंडकाराला १९७५ च्या कायद्याने संरक्षण आहे, आणि ते असायलाच हवं. काही घरांखालची जमीन कोमुनिदादची, म्हणजे गावाच्या सामायिक मालकीच्या जुन्या संस्थेची असते. खाजनाला किंवा नदीला लागून असलेल्या जागेला किनारी क्षेत्राचे नियम लागतात. तिथे नवं काही बांधायचं मनात असेल तर ते आधी किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडून तपासून घ्या. दुरुस्तीलासुद्धा पंचायतीचा परवाना काढा. शेजारी काहीही म्हणोत.

पहिला पावसाळा: काहीच करू नका

घर ताब्यात आलं की हात शिवशिवतात. तरी गळकी कौलं बदलणं आणि धोकादायक वीजजोडणी तोडणं यापलीकडे पहिल्या पावसाळ्याआधी काही करू नका. हे घर पाण्याशी कसं वागतं ते उन्हाळ्यात कळत नाही. डिसेंबरात कोरडी ठणठणीत दिसणारी भिंत जुलैत कमरेइतकी ओली होते.

पाऊस सुरू झाला की एक वही घाला. भिंतीवर ओल जिथवर चढली तिथे पेन्सिलने रेघ मारा, शेजारी तारीख. पंधरवड्याने परत. ऑक्टोबरपर्यंत भिंतच तुम्हाला आलेख काढून देईल. ओल जमिनीतून वर चढते आहे, वरून झिरपते आहे, की झडीच्या बाजूने आडवी शिरते आहे, हे तिघांचे तीन वेगळे उपाय आहेत आणि ते ओळखण्याची हीच खरी पद्धत. भेगांवर चुन्याची पातळ पट्टी ओढून तारीख घाला. पट्टी तडकली तर घर अजून हलतं आहे. नाही तडकली तर ती भेग जुनी आहे, तिच्यामुळे झोप घालवू नका.

मुसळधार पावसात टॉर्च घेऊन माळ्यावर चढा. गळती खाली जिथे दिसते तिथे ती बहुधा नसते. पाणी वाशावरून दहा फूट उतरतं आणि मग टपकतं.

बाहेर फिरून पागोळ्या कुठे पडतात ते बघा. पागोळीचं पाणी जोत्याला लागून पडत असेल, किंवा सिमेंटच्या अंगणावर आपटून भिंतीवर उडत असेल, तर निम्मं दुखणं तिथेच आहे. अंगणाची माती भिंतीपाशी चढली असेल तर ती खरवडून जोत्याच्या खाली न्या आणि उतार घरापासून लांब द्या. फावडं आणि दोन दिवसांची मजुरी, एवढाच खर्च. बाजारात मिळणाऱ्या ओल थांबवणाऱ्या रसायनांपेक्षा याने जास्त फरक पडतो, पण यात विकण्यासारखं काही नसल्याने हे कुणी सांगत नाही.

आणि घर उघडं ठेवा. पावसाची उघडीप मिळाली की दारं-खिडक्या सताड. बंद घर इथे दोन-तीन पावसाळ्यांत बुरशीने आणि वाळवीने जातं. तुम्ही पुण्यात राहणार असाल तर शेजारच्या घरी रीतसर पैसे देऊन ही व्यवस्था लावा. पूर्वी रोज पेटणाऱ्या चुलीचा धूर छपरातून फिरायचा, लाकूड कोरडं राहायचं, किडा लांब राहायचा. गॅस आला आणि हे फुकटचं काम थांबलं.

छप्पर

आता कामाला लागायचं, आणि सुरुवात वरून. छप्पर धड झाल्याशिवाय भिंतीला हात लावणं म्हणजे पैसे पाण्यात, अगदी शब्दशः.

जुन्यातल्या जुन्या घरांवर हाताने केलेली नळीची कौलं होती. आज दिसतात ती मंगळुरी कौलं. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि त्यानंतर ही कौलं सगळ्या किनाऱ्यावर पसरली. कौल उलटं करा, मागे कारखान्याचा छाप असतो. तो बघायचं कारण हौस नव्हे. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकींत नीट बसत नाहीत, आणि न बसलेल्या खाचेतून वाऱ्याचा पाऊस आत येतो. त्यामुळे फुटकी कौलं बदलताना त्याच छापाची जुनी कौलं शोधा, आणि मोडणाऱ्या घराची चांगली कौलं मिळाली तर दोनशे-तीनशे घेऊन मागे रचून ठेवा. नवी कौलं घ्यावीच लागली तर ती सगळी एका पाख्यावर घाला, जुनी सगळी दुसऱ्यावर. मिसळू नका.

शाकारणी दरवर्षी, मे महिन्यात. कौलं उतरवायची, झाडायची, शेवाळ घासायचं, रिपा तपासायच्या, परत लावायची. नारळाच्या झावळ्या छपरावर येत असतील तर त्या आधी उतरवा. नारळ पडून आणि माकडं नाचून जितकी कौलं फुटतात तितकी वादळाने फुटत नाहीत. दोन पाखी आतल्या कोनात मिळतात तिथली पन्हळ हा प्रत्येक घराचा दुखरा भाग. तिथला पाचोळा पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी काढायलाच हवा.

कौलांखाली प्लास्टिकचा कागद अंथरायचा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. गळती त्याने थांबते हे खरं. पण कौलांच्या फटींतून छप्पर श्वास घेत असतं, तो थांबतो, आणि कागदाखाली साचलेल्या दमात रिपा गुपचूप कुजतात. दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो.

वाशांची टोकं भिंतीत जिथे रुततात तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. कुजतात ती टोकंच. साग, फणस, किंदळ, ऐन, साध्या घरांत माडसुद्धा, असं लाकूड वापरलेलं असतं. टोक कुजलं म्हणून सगळा वासा फेकून देऊ नका. चांगल्या मेस्ताला, म्हणजे सुताराला, जुन्या वाशाला नवं टोक सांधता येतं. शंभर वर्षं वाळलेल्या सागाच्या तोडीचं लाकूड आज वखारीत मिळणं कठीण, मिळालं तरी परवडणं त्याहून कठीण. लोखंडी पाइपांचा सांगाडा स्वस्त आणि झटपट होतो. मागच्या पडवीला, गॅरेजला खुशाल घाला. पण या खाऱ्या हवेत वेल्डिंगचे सांधे आधी गंजतात, आणि सालेच्या वर तो सांगाडा आला की घर गोदाम वाटायला लागतं. हे माझं मत.

काँक्रीटचा स्लॅब मात्र कुठेच नको. याचं कारण पुढच्या भागात आहे.

भिंती आणि चुना

भिंती चिऱ्यांच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या. दीड-दोन फूट जाड. चिरा खाणीतून काढला की मऊ असतो, हवा लागून कडक होतो. पण तो सच्छिद्र राहतो, पाणी पितो, आणि भिजला की कमजोर होतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कितीतरी घरांत चिऱ्यांमधले सांधे मातीचे असतात, चुन्याचे नव्हेत. वरून चुन्याचा गिलावा असतो तोवर ही माती सुरक्षित. गिलावा गेला, पाणी सांध्यात शिरलं, की माती वाहून जाते आणि चिरे एकमेकांवर नुसते टेकून राहतात. अशा भिंतीवर स्लॅबचं वजन टाकणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

उघड्या चिऱ्यांची भिंत छान दिसते म्हणून गिलावा उतरवायची फॅशन आहे. त्याचा निकाल बघायचा असेल तर फेरीतून पलीकडे ओल्ड गोव्याला जा. बॉम जीझसच्या बासिलिकेचा बाहेरचा गिलावा १९५० च्या दशकात, बाल्तझार कास्त्रो या पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या काळात, उतरवला गेला. पूर्वी ती पांढरी होती. आज पर्यटक त्या तांबड्या भिंतीचे फोटो काढतात आणि तज्ज्ञ तिच्या झिजण्याची काळजी करतात. चारशे वर्षं जुन्या जागतिक वारसास्थळाला जे झेपत नाही ते तुमच्या घराला झेपणार नाही.

दुसरी फॅशन उलट टोकाची. सिमेंटचा गिलावा, त्यावर पुट्टी, त्यावर प्लास्टिक पेंट. सिमेंट कडक असतं आणि पाणी बाहेर जाऊ देत नाही. जमिनीतून चढलेली ओल भिंतीत कोंडते, आणखी वर चढते, सोबत मीठ नेते. गिलाव्यामागे हे मीठ साठून फुगतं. मग पापुद्रे सुटतात, पांढरा लोणा दिसायला लागतो, आणि मालक त्यावर सिमेंटचा आणखी एक हात मारतो. चुना मात्र ओल आत घेतो आणि उन्हं पडली की सोडून देतो. तो थोडा झिजतो, दर काही वर्षांनी डागडुजी मागतो. झिजायचं ते चुन्याने, चिऱ्याने नव्हे, हा त्यातला करार आहे.

आपल्या भिंतीवर काय आहे हे ओळखायला खिळ्याने खरवडून बघा. चुना भुसभुशीत सुटतो, सिमेंटवर नुसता ओरखडा उठतो. सिमेंट निघालं तर ते एकदम सगळीकडून उतरवू नका, कारण त्याबरोबर चिऱ्याचा पृष्ठभागही निघून येतो. ज्या भिंतीची ओल वहीत सगळ्यात वाईट दिसली ती एकच घ्या. छिन्नी-हातोडीने हळूहळू सोलायची. ब्रेकर मशीन नको. मग एक हंगाम उघडी वाळू द्या. त्या काळात लोणा बाहेर येईल, तो कोरड्या ब्रशने झाडत राहा. पाण्याने धुतलात तर मीठ परत आत जातं.

आता चुना करायची पद्धत. कळीचा चुना आणा. पिंपात आधी पाणी भरा, मग त्यात चुना थोडा थोडा सोडा. चुन्यावर पाणी ओतायचं नाही. तो उसळतो आणि उकळतो, डोळ्यांत एक थेंब गेला तरी घात होतो. चष्मा आणि रबरी हातमोजे घातल्याशिवाय कुणालाही जवळ येऊ देऊ नका, मेस्त कितीही अनुभवी असो. विरलेला चुना पाण्याखाली झाकून मुरत ठेवा. काही आठवडे तरी, महिने मिळाले तर अधिक बरं. लोण्यासारखा झाला की तयार. गिलाव्यासाठी साधारण एक भाग चुना, तीन भाग स्वच्छ वाळू. खाडीची किंवा समुद्राची वाळू अजिबात नको, त्यातलं मीठ म्हणजे दुखणं विकत आणणं. जोत्याजवळच्या ओलसर भागात थोडी सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, मिसळली तर गिलावा दमटातही घट्ट होतो. जुने कारागीर गूळ आणि आणखी बरंच काही घालतात. ज्याच्या हाताला जे ठाऊक आहे ते त्याला करू द्या, पण आधी मागच्या भिंतीवर नमुना करून घ्या आणि महिनाभर बघा.

भिंत भिजवून घ्यायची. थर अर्ध्या इंचाहून जाड नको, हवे तर दोन थर. पुढचे काही दिवस गोणपाट लावून दमट ठेवायचं, कारण चुना झपाट्याने वाळला तर भेगाळतो. म्हणून हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करा. मेच्या उन्हात चुना जळतो, जूनच्या पावसात धुऊन जातो.

रंग शेवटी, आणि तोही चुन्याचाच. चुनकामात नीळ, पिवडी किंवा काव मिसळून गोव्यातले सगळे ओळखीचे रंग निघतात. निव्वळ पांढरा रंग चर्चसाठी राखलेला आणि घरांना रंगीत, ही जुनी चाल अजून बऱ्याच गावांत पाळली जाते. तुमच्यावर सक्ती नाही, पण पाळलीत तर आवडेल. मागच्या भिंतीवर जुन्या रंगाचे थर खरवडले की घराचा मूळ रंग सापडतो. सोशल मीडियावरच्या फोटोतल्या निळ्यापेक्षा तो बहुधा फिका निघतो.

खिडक्या, वाळवी, फरशी

जुन्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ चौकोन लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवलेले असतात. उजेड मऊ येतो, झळ येत नाही. अशी एक जरी खिडकी घरात उरली असेल तर ती काढू नका. ज्या शिंपल्यापासून हे चौकोन करत, तो आज वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. चिखलीच्या खाडीत तो अजून सापडतो, पण नवे शिंपले कुणी विकायला आणले तर घेऊ नका. फुटलेले तुकडे दुसऱ्या मोडक्या खिडकीतून काढून भरतात. दोन खिडक्यांची एक करावी लागली तरी चालेल.

वाळवीसाठी दरवर्षी डिसेंबरात जोत्याच्या कडेने आणि माळ्यावर मातीच्या नळ्या शोधा. मातीच्या सांध्यांतून ती भिंतीच्या आतूनच चढते, त्यामुळे बाहेर काही दिसत नाही म्हणून निश्चिंत राहू नका. लाकडावर पट्टीने टकटक करा, पोकळ आवाज आला तर समजा. किनाऱ्यावर होड्यांना लावतात ते काजूच्या टरफलांचं तेल वाशांनाही चालतं. ते कातडीला भाजतं, त्यामुळे हातमोजे इथेही.

फरशीबद्दल थोडक्यात. लाल कोबा असेल तर तो ठेवा, ऍसिडने धुऊ नका. त्यावर चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल बसवल्या की जमिनीतली ओल वर यायची थांबते आणि कडेने भिंतीत चढते. मग टाइल बसवणारा सांगतो की भिंतीला वॉटरप्रूफिंग करा. मागच्या खोलीत सारवलेली जमीन उरली असेल आणि सारवणारं कुणी भेटलं, तर तीही राहू द्या.

वीज आणि नळ भिंती फोडून लपवू नका. मातीच्या सांध्यांच्या भिंतीत खाच पाडली की चिरे ढिले होतात. वायर पाइपातून भिंतीवरून न्या, बरी दिसेल अशी रेषा निवडा. न्हाणीघर मागच्या अंगाला, पूर्वी होतं तिथेच. पाण्याची टाकी छपरावर चढवू नका, तिला अंगणात वेगळा मनोरा द्या. पोहायच्या तलावाबद्दल विचारणारेही भेटतात. बेटाच्या खालच्या अंगाला खणलं तर तलाव आपोआप भरेल, खाऱ्या पाण्याने.

अंगणात क्रूस असेल तर मे महिन्यात त्याच्यापुढे लदीन, म्हणजे सामूहिक प्रार्थना, म्हणायला वस्ती जमत असेल. तुळशीचं वृंदावन असेल तर कार्तिकात कुणी दिवा लावायला येत असेल. विचारून घ्या. कुंपण घालताना ती वाट मोकळी ठेवा.

सामान आणायचं कसं

बेटावर जायचं ते फेरीबोटीने. रायबंदर, ओल्ड गोवा आणि पलीकडे डिचोली तालुक्यातलं नार्वे असे तीन मार्ग. नार्वे म्हणजे सप्तकोटेश्वराचं. मूळ देऊळ दिवाडीवरच होतं. ते पोर्तुगिजांनी पाडल्यावर देव नदीपलीकडे गेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे देऊळ बांधून घेतलं. डिचोलीकडून चिरे किंवा वाळू आणायची तर हीच फेरी.

भरलेला मोठा ट्रक फेरीवर घ्यायचा की नाही हे फेरीचा कर्मचारी ठरवतो, तुम्ही नाही. त्यामुळे माल लहान टेम्पोतून, जास्त फेऱ्यांनी आणायचा असा हिशेब आधीच धरा आणि ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात ती वाहतूक वेगळी लिहून घ्या. चुना आणि लाकूड पावसाआधी बेटावर येऊन झाकलेलं असायला हवं. गोव्यात पावसाळ्याआधी घरोघरी पुरुमेंत भरतात, म्हणजे सुकी मासळी, मिरची, कोकम. घराचंही तसंच पुरुमेंत असतं: कौलं, रिपा, खिळे, चुन्याचं झाकलेलं पिंप, झडीच्या बाजूला बांधायला झावळ्यांची झापं.

ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीवर बोंदेरा, म्हणजे झेंड्यांचा उत्सव असतो. त्या दिवशी फेरीत माणसांनाच जागा पुरत नाही, तेव्हा टेम्पो बोलावू नका. मेस्तही त्या दिवशी कामावर येणार नाही.